तोट्याची रेषा

मनुष्याच्या हातून घडणाऱ्या चुकांपैकीं निव्वळ अज्ञानामुळें घडणाऱ्या चुका थोड्याच असतात. आपण चुकलों हें उमगल्यानंतरही तें कबूल करावयाचें राहून जातें, आणि त्यामुळेंच बहुतेक चुका वाढत जातात. मूळ चूक बहुधा लहान असते. तिच्यावर पांघरूण घालण्याचा काळ लांबतो तसतशी ती मोठी होते. शेअरबाजारांत हा नियम जितका उघड दिसतो तितका अन्यत्र क्वचितच दिसत असेल. कारण तेथें प्रत्येक चुकीला आंकडा असतो, आणि तो आंकडा क्षणोक्षणीं डोळ्यांपुढें हलत असतो. म्हणून बाजारांतील एका अगदीं व्यावहारिक युक्तीचा विचार येथें नीतीच्या अंगानें करण्याचें योजिलें आहे. त्या युक्तीला बाजारांतील लोक ‘स्टॉप-लॉस’ म्हणतात. ज्यांनीं शेअरबाजाराचें तोंडही पाहिलें नसेल अशा वाचकांनीं एवढ्यावरून पान उलटूं नये. प्रश्न पैशाचा दिसत असला तरी तो पैशापुरता नाहीं.

समजा, एका गृहस्थानें एका कंपनीचा शेअर ५०० रुपयांस घेतला. घेतांनाच त्यानें आपल्या दलालाकडे सूचना नोंदविली कीं, भाव उतरून ४५० वर आला तर मला पुन्हा विचारीत न बसतां शेअर विकून टाकावा. एवढाच स्टॉप-लॉसचा अर्थ. भाव वर गेला तर ही रेषाही त्याच्यामागून वर नेतां येते. शेअर ६०० झाला कीं ५४० वर, ७०० झाला कीं ६३० वर. पथ्य एकच: रेषा वर जाईल, खालीं कधींही येणार नाहीं. विचारी लोक हिच्या जोडीला आणखी दोन रेषा आंखतात. एक काळाची: अमुक महिन्यांत अपेक्षित गोष्ट घडली नाहीं तर बाहेर पडावयाचें. दुसरी कारणाची: ज्या कारणासाठीं शेअर घेतला तें कारणच उरलें नाहीं, तर नफा असो वा तोटा असो, बाहेर पडावयाचें.

या शिस्तीमागें साधें अंकगणित आहे. शंभर रुपयांतले १० गेले तर उरलेल्या ९० चे पुन्हा शंभर होण्यास सुमारें ११ टक्के वाढ पुरते. ५० गेले तर १०० टक्के वाढ लागते, आणि ८० गेले तर ४०० टक्के. उतरतांना जिना लागतो, परततांना कडा चढावा लागतो. म्हणून शहाणा व्यापारी किती शेअर घ्यावयाचे हेंही या रेषेवरूनच ठरवितो. ज्याच्याजवळ १ लाख रुपये आहेत आणि एका सौद्यांत त्यांपैकीं २ हजारांहून अधिक गमवावयाचे नाहींत असा ज्याचा निश्चय आहे, त्यानें वरील शेअर फक्त ४० घ्यावे. कारण दर शेअरामागें ५० रुपयांचा धोका आहे. आंत किती शिरावयाचें हें बाहेरची वाट पाहून ठरवावें, असें हें शास्त्र सांगतें.

ही रेषा म्हणजे अभेद्य तटबंदी आहे असें मात्र कोणी समजूं नये. रात्रीं वाईट वार्ता आली आणि सकाळीं बाजार उघडतांच भाव ४५५ वरून एकदम ४२० वर आला, तर ४५० ला विकणें कोणालाच शक्य नसतें. अमुक किमतीहून कमी घेणार नाहीं अशी अट घातली असेल तर शेअर विकलाच जात नाहीं. अट नसेल तर मिळेल त्या भावानें जातो. २३ मार्च २०२० रोजीं, करोनाच्या सांथीच्या भयानें, मुंबईचा बाजार सकाळींच १० टक्क्यांनीं कोसळला आणि नियमाप्रमाणें ४५ मिनिटें व्यवहार थांबवावे लागले. दिवसअखेर निर्देशांक सुमारें १३ टक्क्यांनीं खालीं होता. अशा दिवशीं रेषेला फारसा अर्थ उरत नाहीं. तथापि असे दिवस विरळ. माणसें बुडतात तीं बहुधा अशा दिवशीं नव्हे. बाहेर पडण्याचें दार उघडें असतांना बसून राहिल्यामुळें बुडतात.

युक्ति इतकी सोपी असतां ती पाळणारे इतके थोडे कां? टेरन्स ओडीन या अमेरिकन अभ्यासकानें एका दलाली पेढीच्या १०,००० खात्यांचे व्यवहार तपासून आपला निष्कर्ष १९९८ सालीं प्रसिद्ध केला. लोक नफ्यांत असलेले शेअर चटकन विकतात आणि तोट्यांतले उराशीं धरून बसतात, असें त्याला आढळलें. इतकेंच नव्हे तर विकून टाकलेले शेअर पुढील वर्षांत, सरासरीनें पाहतां, उराशीं धरलेल्या शेअरांपेक्षां अधिक फलदायी ठरले. याचें कारण केवळ लोभ म्हणून भागणार नाहीं. लोभी मनुष्यानें खरें तर उलट वागावयास हवें. माझ्या मतें खरें कारण असें कीं, तोटा कागदावर आहे तोंवर तो नशिबाचा असतो. शेअर विकला कीं तो आपला होतो. तोट्यांत विकणें म्हणजे स्वतःच्या चुकीच्या कबुलीजबाबावर सही करणें. ती सही टाळण्यासाठीं मनुष्य वाटेल ती किंमत मोजतो.

याची साक्ष काढण्यास मला दूर जावयास नको. कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या थोरल्या बहिणीनें शिवणकाम करून सांठविलेले ४८ हजार रुपये माझ्या हातीं दिले. “तुला यांतलं कळतं, तूंच पाहा,” एवढेंच ती म्हणाली. मीं एका कंपनीचे १५० शेअर ३२० रुपयांच्या भावानें घेतले, आणि तिच्यासमक्ष वहीच्या मागल्या पानावर लिहिलें: ‘तीन महिने. २८८ आल्यास विकणें.’ दलालाकडे तशी सूचना नोंदविण्याचा मात्र मीं कंटाळा केला. आपल्या शब्दाला बाहेरचा पहारा कशाला, असा एक ताठाही त्यांत होता. भाव २९० वर आला त्या दिवशीं मीं तो आंकडा खोडून २७० लिहिला. कंपनी उत्तम आहे, बाजार उगीच भ्याला आहे, अशी माझी मींच समजूत घातली. २७० आले तेव्हां २४० लिहिले. त्यानंतर लिहिणेंच सोडून दिलें. तीन महिन्यांसाठीं घेतलेल्या शेअरला मी आतां दीर्घ मुदतीची गुंतवणूक म्हणूं लागलों. ताई विचारी तेव्हां मी सांगें, “ताई, थोडा धीर धर.” सात महिन्यांनीं, ११२ रुपयांस, मीं ते सारे विकले. तोटा ३१,२०० रुपयांचा झाला.

ताई रागावली नाहीं. ती म्हणाली, “तोटा होऊं शकतो हें तूं पहिल्याच दिवशीं सांगितलं होतंस. पण चुकलं हें तुला कळलं, तेव्हांच कां नाहीं सांगितलंस?” या प्रश्नाला तेव्हां माझ्याजवळ उत्तर नव्हतें, आजही नाहीं. हिशेब मात्र आहे. २८८ ला विकलें असतें तर ४,८०० रुपये गेले असते. तेवढा बाजाराचा तोटा. तो कोणालाही होऊं शकतो आणि त्यांत लाजण्याजोगें कांहीं नाहीं. उरलेले २६,४०० रुपये ही माझ्या अहंकाराची किंमत होती, आणि ती मीं नव्हे, ताईनें दिली.

त्या दिवसापासून मला असें वाटत आलें आहे कीं, ही रेषा म्हणजे व्यापाराची क्लृप्ति खरी, पण त्याआधीं ती एक वचन आहे. शांत मनाचा मनुष्य आपल्याच व्याकुळ मनाकडून तें अगोदर घेऊन ठेवतो. व्रत करणारा सकाळीं स्नान करून संकल्प करतो तो अशासाठीं कीं, दुपारच्या भुकेला वाद घालावयास जागा राहूं नये. भूक वाद घालतेच, आणि तिचे मुद्दे नेहमींच बिनतोड असतात. संकल्पाचें बळ त्या मुद्द्यांना उत्तर देण्यांत नसून, निर्णय झाल्यावर ते ऐकून न घेण्यांत आहे. ‘मी चुकूं शकतों’ हें वाक्य सर्वच म्हणतात. तें आंकडा घालून आणि तारीख घालून लिहिणारे थोडे. विनय आणि विनयाचें बोलणें यांतला फरक तेथें कळतो.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो वजनदार आहे. भाव म्हणजे सत्य नव्हे. तो पुष्कळदां जमावाच्या भयाचा मापक असतो. कंपनीचा कारखाना चालू आहे, कर्ज नाहीं, माल खपतो आहे. मग चार लोक भ्याले म्हणून आपणही पळावें, हा कसला विवेक? माझ्या मतें हा आक्षेप खरा आहे, परंतु तो सर्वांना वापरतां येत नाहीं. ज्यानें कंपनीचे हिशेब वाचून, स्वतःच्या पैशानें, मालक होण्याच्या बुद्धीनें शेअर घेतला, त्याची रेषा भावाची नसून कारणाची असते. भाव निम्मा झाला तरी त्यानें डगमगूं नये, आणि कारण नाहींसें झालें तर भाव दुप्पट असला तरी निघावें. उलट भाव वाढेल या एकाच अपेक्षेनें ज्यानें शेअर घेतला, त्याला भाव पडल्यावर ‘भाव म्हणजे सत्य नव्हे’ असें म्हणण्याचा अधिकार नाहीं; कारण त्यानें भावालाच साक्षीदार म्हणून बोलाविलें होतें. दोन्ही मार्ग प्रामाणिक आहेत. अप्रामाणिकपणा आहे तो व्यापारी म्हणून आंत शिरून, तोटा दिसतांच मालकाचा वेष चढविण्यांत. मीं तोच केला होता.

आपल्या मुंबईनें हें नाटक फार पूर्वीं, फार मोठ्या रंगभूमीवर पाहिलें आहे. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध सुरू झालें, तेथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, आणि हिंदुस्थानच्या कापसाला कधीं न मिळालेला भाव मिळूं लागला. तो पैसा मुंबईंत लोटला. नव्या बँका निघाल्या, समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या, आणि त्यांच्या शेअरांवर सर्व थरांतले लोक तुटून पडले. बँका शेअर तारण घेऊन कर्जें देत आणि त्या कर्जांतून पुन्हा शेअर घेतले जात. एप्रिल १८६५ मध्यें दक्षिणेचा सेनापति ली शरण आला. युद्ध संपतांच कापूस उतरला. मुदतीच्या सौद्यांचा हिशेब १ जुलै १८६५ रोजीं चुकता करावयाचा होता. त्या दिवशीं घेणारे देणारे दोघेही उघडे पडले. बँक ऑफ बाँबेच्या ज्या शेअरचा भाव २,८५० रुपयांपर्यंत चढला होता तो ८७ रुपयांवर आला. ती बँक पुढें बुडाली आणि १८६८ सालीं त्याच नांवाची नवी बँक काढावी लागली. येथें लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, बाहेर पडण्याचा दिवस या लोकांना ठाऊक होता. तो करारांतच लिहिलेला होता. परंतु तो सर्वांचा एकच होता, आणि त्या दिवशीं आपण दाराजवळ असूं, इतर आंत असतील, असें प्रत्येकाला वाटत होतें.

यावरून एक अधिक कठीण प्रश्न उभा राहतो. सर्वांनींच शहाणपणानें रेषा आंखल्या आणि त्या एकाच ठिकाणीं आल्या तर? १९८७ सालीं अमेरिकेंत पुष्कळ मोठ्या संस्थांनीं अशी व्यवस्था केली होती कीं, भाव उतरूं लागतांच गणकयंत्राच्या हिशेबानें ठराविक विक्री आपोआप व्हावी. १९ ऑक्टोबर रोजीं बाजार उतरूं लागला. त्या उतारानें विक्री झाली, विक्रीनें उतार वाढला, वाढलेल्या उतारानें आणखी विक्री झाली. एका दिवसांत डाऊ जोन्स निर्देशांक २२.६ टक्क्यांनीं कोसळला. पुढें नेमलेल्या चौकशी मंडळानें या यांत्रिक विक्रीला त्या घसरणींतला मोठा वांटा दिला. म्हणजे एकाचें सावधपण हें सर्वांचें झालें कीं चेंगराचेंगरी होते. आणि माझी रेषा दुसऱ्याच्या पायाखालची जमीन काढून घेते. मग रेषा आंखणें हा स्वार्थ ठरतो काय?

मला तसें वाटत नाहीं. जत्रेंतून बाहेर पडण्याचा अधिकार सर्वांना आहे. चेंगराचेंगरीचा दोष दाराकडे जाणाऱ्याचा नसून, दारांतून निघणार नाहीं एवढें ओझें डोक्यावर घेऊन आंत शिरणाऱ्याचा आहे. जो आपल्याच पैशानें आणि आपल्या ताकदीपुरतें घेतो, त्याला रेटारेटी करावी लागत नाहीं. त्याहून एक पथ्य महत्त्वाचें. मी विकतों तो शेअर कोणी तरी घेतो. त्याचीं कारणें त्याच्यापाशीं असतील. पण आपल्याला बाहेर पडतां यावें म्हणून जो चारचौघांत त्याच शेअरची स्तुति करीत हिंडतो, त्याची रेषा व्यवहारांत बिनचूक असेल. नीतींत ती गळ्यांतल्या दोरीसारखी आहे, फक्त गळा दुसऱ्याचा.

माघार घेणें म्हणजे भ्याडपणा, ही आपल्याकडची एक जुनी समजूत या सर्वांच्या आड येते. तिला आपल्याच इतिहासांत उत्तर आहे. १६६५ सालीं पुरंदरच्या तहांत शिवाजीमहाराजांनीं २३ किल्ले दिले आणि १२ राखले. दिलेले २३ सर्वांच्या डोळ्यांत भरतात. राखलेल्या १२ चा विचार थोडे करतात. लढत राहून सारेंच गमवावयाचें कीं कांहीं देऊन उद्याचा दिवस राखावयाचा, हा तो निर्णय होता. आणि १६७० पासून किल्ले परत येऊं लागले तेव्हां त्याचा अर्थ जगाला कळला. याच्या उलट धर्मराजाचें उदाहरण पाहावें. पहिल्या द्यूतांत सर्वस्व गेलें तें द्रौपदीमुळें परत मिळालें. पांडव वाटेस लागले होते. तोंच पुन्हा बोलावणें आलें, आणि धर्मराज परत फिरला. पहिला डाव ही चूक म्हणतां येईल, दुसऱ्याला काय म्हणावें? आयझॅक न्यूटननें १७२० सालीं साऊथ सी कंपनीचे शेअर चांगल्या नफ्यांत विकले होते. भाव आणखी चढतांना पाहून तो पुन्हा शिरला, आणि परंपरा त्याच्या नुकसानीचा आंकडा २०,००० पौंड सांगते. ग्रहांच्या वाटा ज्यानें गणितानें बांधल्या त्यालाही बाहेर पडून बाहेर राहतां आलें नाहीं. रेषेचा उत्तरार्ध हा आहे: निघालों कीं निघालों.

येथवर आल्यावर कोणी विचारील, ही शिस्त इतकी गुणकारी आहे तर ती आयुष्याला सरसकट कां लावूं नये? आजारी बाप, बिघडलेला मुलगा, अपयशी ठरत असलेली चळवळ, यांनाही एक एक रेषा आंखून टाकावी! माझ्या विवेचनाचें तात्पर्य या प्रश्नाच्या उत्तरांत आहे. शेअरला आपण कोणाच्या जवळ आहों हें ठाऊक नसतें. मीं त्याला धरून ठेविलें म्हणून कंपनीचा माल अधिक खपत नाहीं, मीं सोडलें म्हणून तिच्या भट्ट्या विझत नाहींत. जेथें माझ्या निष्ठेनें दुसऱ्या बाजूला कांहींच फरक पडत नाहीं तेथें निष्ठा हा सद्गुण नसून हट्ट आहे, आणि हट्टाला रेषा हवीच. परंतु बिघडलेल्या मुलाला बाप सोडून गेला नाहीं हें कळतें, आणि कळल्यानें पुष्कळदां तो सुधारतो. चळवळ तर धरून राहणाऱ्यांमुळेंच जगते. तेथें आपलें राहणें हाच त्या वस्तूच्या मूल्याचा एक भाग असतो. अशा ठिकाणीं भावफलकाकडे पाहून निघणारा मनुष्य शहाणा नव्हे, दरिद्री आहे. दुर्दैव असें कीं, आपण पुष्कळदां नेमकें उलट करतों: माणसांना पहिल्या तोट्याला सोडतों, आणि शेअरांना शेवटपर्यंत निष्ठा वाहतों.

ताईनें गेल्या वर्षीं पुन्हा माझ्याजवळ पैसे दिले, पूर्वींपेक्षां थोडे. शेअर घेतल्याबरोबर मीं दलालाकडे विक्रीची सूचना नोंदविली, आणि एका कागदावर किंमत, मुदत आणि कारण अशा तीन ओळी लिहून तो कागद तिच्या शिलाईयंत्राच्या खणांत ठेविला. चौथ्या महिन्यांत भाव रेषेवर आला आणि शेअर विकला गेला. १,१०० रुपयांचा तोटा झाला. त्याच संध्याकाळीं मीं जाऊन तिला तें सांगितलें. तिनें कागद काढला, आंकडा पाहिला, “बरं,” म्हणाली, आणि पुन्हा सुईंत दोरा ओवूं लागली.